बर्फावरचे मूठभर मीठ

तांडेलबाई मुलींना खोटे सांगत नसत. सुई दुखणार नाही, असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची आणि सांगायचे, "दुखेल. पाच मोजेपर्यंत दुखेल. पाचाच्या पुढं गेलं तर तू मला मार."

मनी नावाच्या मुलीने हा करार शब्दशः पाळला. मनोरच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर एक पाडा आहे. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही मुलींचे रक्त घेत होतो. मनी दहा वर्षांची, हात काडीसारखे, शीर सापडता सापडेना. पाच झाले. बाईंनी सहा म्हणताच मनीने मोकळ्या हाताने त्यांच्या खांद्यावर सणसणीत फटका दिला. बाईंनी नळी भरू दिली, सुई काढली, कापूस दाबला आणि म्हणाल्या, "बरोबर. सहा झाले. चूक माजी." मग पुढच्या मुलीकडे वळून, "ही मारकुटी हाय. तू कशी हायस?"

त्या दिवशी एकही मुलगी रांग सोडून पळाली नाही.

मी पालघरच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्याला अडवणाऱ्या लशीची चाचणी आमच्याकडे आली होती. दोन प्रश्नांची उत्तरे हवी होती. लस मुलींना सोसते का, हा एक. ती टोचल्यावर रक्तात पुरेसे प्रतिपिंड, म्हणजे विषाणूशी लढणारे द्रव्य, तयार होते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मुलींच्या घरी होते, दुसऱ्याचे त्यांच्या रक्तात. दोन्ही आणून देण्याचे काम तांडेलबाईंचे होते.

पूर्ण नाव यमुना तांडेल. तारापूरच्या बाजूच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार घराणे. वडिलांची होडी होती. आई मासळी सुकवी आणि विकी. बाई परिचारिका झाल्या, पण आवाज होडीवरचाच राहिला. त्या वॉर्डच्या एका टोकाला बोलल्या की दुसऱ्या टोकाचा रुग्ण उठून बसे. गावोगाव फिरताना जीपमध्ये त्यांचा डबा असे: तांदळाची भाकरी आणि जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची, चटणी. मुंबईहून तपासणीला आलेल्या एका गृहस्थांनी एकदा नाकाला रुमाल लावून काच खाली केली. बाई म्हणाल्या, "उगडा, उगडा. जवळ्याला पन जरा हवा लागू दे."

त्यांच्या घरात कोणी या रोगाने गेले होते का, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. त्यांच्या आयुष्याची हकिगत मला ठाऊक नाही आणि मी ती लिहीत नाही. मी त्यांना कामावर पाहिले, तेवढेच लिहितो.

संमतिपत्रावर सही घेण्याचे काम आमच्याकडे इतर जण पाच मिनिटांत उरकत. बाईंना अर्धा तास लागे. त्या कागद वाचून दाखवत, तो पालथा ठेवत आणि म्हणत, "आता तुमी सांगा. मी काय बोलले?" समोरच्याला सांगता आले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. कुंभवलीत कारखान्यातल्या कामगारांच्या चाळी आहेत. तिथे हेच त्यांच्या हिंदीतून चाले. एका बाईला घाई होती. ती म्हणाली, "दीदी, आप अच्छा ही बोली होंगी. अंगूठा किधर लगाऊँ?"

तांडेलबाईंनी शाईच्या डबीचे झाकण लावले. "मैं अच्छा नहीं बोली. मैं बोली बुखार आ सकता है, चक्कर आ सकता है, खून कितनी बार निकालेगा वो भी बोली. अब तुम बोलो."

त्या बाईने सगळे बोलून दाखवले. मग विचारले, "और मना करूँ तो?"

"तो मैं चाय पी के जाएगी."

तिने नकार दिला. तांडेलबाईंनी चहा घेतला, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली आणि रकान्यात सुवाच्य अक्षरात 'नकार' असे लिहिले. जीपमध्ये मी म्हणालो, एवढ्या वेळात दुसऱ्या चार सह्या झाल्या असत्या. त्या म्हणाल्या, "ही पन झालीच ना, सर. नकाराला पन तेवडाच वेळ लागतो."

एका निवासी शाळेतला प्रसंग असाच. मुलींचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेले होते, ते पावसाच्या तोंडी परतणार. मुख्याध्यापकांनी सगळे अर्ज स्वतःपुढे ओढले. "आणा, मीच सह्या करतो. इथे मीच त्यांचा पालक."

"गुर्जी, पोरीला ताप भरला तर तिच्या डोक्यावर पट्ट्या कोन ठेवनार? तुमी?"

"अहो, तशी वेळ येणारच नाही."

"येनार नाय हे तुमाला कोनी सांगितलं? तेच बगायला तर आमी आलोत."

चाचणी म्हणजे काय, हे आमच्या प्रकल्पात कोणी इतक्या थोड्या शब्दांत सांगितले नव्हते. बाईंनी अर्ज गोळा केले आणि पुढचे दोन आठवडे भट्ट्याभट्ट्यांवर हिंडून आईबापांना गाठले. कच्च्या विटांच्या रांगांमध्ये उकिडव्या बसून त्या कागद वाचत आणि पालथा ठेवत.

लस टोचल्यावर सात दिवस प्रत्येक मुलीच्या घरी एक कार्ड असे. ताप, सूज, दुखणे, चक्कर. जे झाले त्यापुढे खूण करायची. पहिल्या डोसानंतर मनीच्या पाड्यावरची सर्व कार्डे स्वच्छ आली. एकीला ताप नाही, एकीचा दंड दुखला नाही. प्रकल्पप्रमुख डॉक्टर समाधानाने हसले. तांडेलबाईंनी तो गठ्ठा पिशवीत घातला आणि त्या परत पाड्यावर गेल्या. रक्ताच्या नळ्यांचे काम असल्यामुळे मीही बरोबर होतो.

मनीची आजी काशीबाय ओटीवर बसली होती. मनीचे आईबाप मजुरीला गेले की घर तीच चालवी. तिने चहाचा कप पुढे केला.

"काशीबाय, मनीला ताप आला होता का?"

"नाय वो बाय. झ्याक हाय पोर."

"एका पन पोरीला नाय?"

काशीबायने नजर वळवली. "तू येवडी लांबून येतेस. फुकट दवा देतेस. तुला ताप कसा सांगायचा? बरा दिसते का ते?"

पाड्याने पाहुण्याचा मान राखण्यासाठी ताप लपवला होता. आमच्या नियमपुस्तकात या शक्यतेला जागा नव्हती. तांडेलबाईंनी कप तिच्याकडे सरकवला.

"चाय नको. ताप सांग."

पाड्यावर पुढे केलेला चहा नाकारणे हा अपमान आहे आणि बाईंना ते पक्के ठाऊक होते. काशीबायचा चेहरा उतरला. मग तिने सांगितले. मनीला दोन दिवस ताप होता, दंड लाल झाला होता, तिसऱ्या दिवशी उतरले. बाईंनी ते लिहून घेतले आणि मग चहा प्यायल्या. त्या दिवशी प्रत्येक ओटीवर त्यांनी आधी कप सरकवला. संध्याकाळपर्यंत पाड्याला कळले की या बाईला ताप दिल्याशिवाय ती चहा घेत नाही. पुढे जीपचा आवाज आला की पोरे रस्त्याकडेला उभी राहून ओरडत, "चाय नको, ताप सांग!"

प्रकल्पप्रमुखांनी दुरुस्त केलेली कार्डे पाहिली. "तांडेल, आपल्या केंद्राचा ताप एकदम वाढला."

"वाडला नाय, सर. होता."

आता मिठाचे.

ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. उन्हाने ती हळूहळू बिघडते. गोठली तर लगेच निकामी होते. विषारी होत नाही, पण तिचा जोर जातो. म्हणून पेटीत गोठवलेल्या पाण्याच्या पिशव्यासुद्धा थोड्या वितळू देऊन ठेवतात. ज्यांना ताजेपणा म्हणजे बर्फ असे लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांच्या हाताला हा नियम विचित्र वाटतो. बाई तो नियम इतरांना शिकवत.

दुसऱ्या डोसाचा दिवस दिवाळीनंतर आला. त्या दिवशी मी बरोबर नव्हतो. पुढचे सर्व बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिले, त्यावरून सांगतो. मनोरच्या अलीकडे महामार्गावर जीप बंद पडली. ऊन कडक होते. दोन तास गेले, पिशव्यांतला बर्फ वितळून गेला, पेटीतल्या तापमापकाचा काटा आठाकडे सरकला. परतावे, असा नियम. पण त्या आठवड्यात पाड्यावर भट्टीचा ट्रक येणार होता आणि मुली आईबापांबरोबर निघून जाणार होत्या. बाई मनोरच्या बाजारात गेल्या, ओळखीच्या मासेवालीकडून बर्फ घेतला आणि पेटी भरली. खाली थर, बाजूंनी थर, वर थर. आणि वरून मूठभर जाडे मीठ मारले.

पापलेट लांब न्यायचे असले की त्यांची आई बर्फावर मीठ टाकी. मिठाने बर्फाची थंडी शून्याच्या खाली जाते. आईला ते अंशांत सांगता आले नसते. ती म्हणे, मीठ मारले की बर्फ चावतो. लेकीने तीस वर्षे नोकरी केली होती, पण घाईच्या वेळी हात आईचे चालले.

वरच्या कप्प्यातला काटा चार अंशांवर आला. बाईंना बरे वाटले. तळाशी, कुप्यांच्या खाली, एक छोटे कार्ड असते. लस गोठण्याइतकी थंडी झाली की त्यावरची बरोबरची खूण जाऊन फुली उमटते. टोचण्यापूर्वी ते बाहेर काढून पाहायचे असते. बाईंनी पाहिले नाही. अकरा मुलींना लस टोचली गेली. मनी त्यांत होती.

संध्याकाळी त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. कार्ड माझ्यापुढे ठेवले.

"सर, फुली."

ते कार्ड वाटेत कुठे पडले असते, तर कोणाला काही कळले नसते. हे मला त्या क्षणी सुचले. त्यांनाही सुचले असणार. त्या मूर्ख नव्हत्या.

पेटीत एक भरलेली कुपी उरली होती. कंपनीच्या त्याच खेपेतली, रुग्णालयात राहिलेली दुसरी कुपी आम्ही मुद्दाम गोठवली आणि सकाळी वितळवली. दोन्ही हलवून टेबलावर शेजारी ठेवल्या. चांगली लस बराच वेळ पाणी घातलेल्या दुधासारखी एकसारखी राहते. गोठून गेलेली लवकर फुटते. तळाशी गाळ बसतो, वर पाणी राहते. आम्ही दोघे खुर्च्या ओढून बसलो. मुद्दाम गोठवलेल्या कुपीत गाळ खाली जाऊ लागला. पेटीतल्या कुपीत तो तितक्याच वेगाने खाली गेला.

बाई उठल्या. "पाड्यावर जाऊन सांगायला पायजे."

प्रकल्पप्रमुखांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावले. त्यांना मी खलनायक म्हणणार नाही. जे घडले ते चाचणीवर देखरेख करणाऱ्या नीतिसमितीला कळवायचे, यावर त्यांचे दुमत नव्हते. पत्र त्याच दुपारी गेले.

"तांडेल, मी लपवा म्हणत नाही. थांबा म्हणतो. समितीचे उत्तर येऊ द्या. महिन्याने रक्त घ्यायचेच आहे, त्यात कळेल किती बिघडले. मग सांगू."

"भट्टीचा ट्रक महिनाभर थांबनार हाय का?"

"आणि घबराट झाली तर? एका पाड्याची गोष्ट चार दिवसांत जिल्हाभर जाते. उद्या चांगली लससुद्धा कोणी घेणार नाही. त्या मुलींचे काय?"

"ते तुमचं खरं हाय, सर. पन त्या बायांनी तुमचा कागद नाय वाचला. माजं तोंड बगितलं. आज त्या समजतात पोरींचं काम झालं. पोरी तसंच समजून मोठ्या होतील. मी गप बसले, तर पुडच्या वेळी चांगली लस हाय असं कोनच्या तोंडानं सांगू?"

"गेलात तर या प्रकल्पावर परत येऊ नका."

"पेटीची चावी कोनाकडे देऊ?"

त्यांनी चावी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नव्हतो. थांबावे, असेच माझे मत होते. हे इथे नोंदवतो.

दारात त्या म्हणाल्या, "त्या दोन कुप्या पायजेत मला. आनि एक चांगली."

कुप्या माझ्या ताब्यातल्या होत्या. माझ्या सहीशिवाय त्या बाहेर जात नसत. म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. दुसरे काही कारण होते का, हे मी तपासलेले नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही एस.टी.ने गेलो, पुढे चालत. काशीबायच्या ओटीसमोर अकरा घरांची माणसे जमली. काही घरांतून भांडी बांधून ठेवलेली दिसत होती. काशीबाय चहा घेऊन बाहेर आली. बाईंनी हात जोडले.

"आदी ऐका. मग चाय द्यायचा तर द्या."

मागून कोणीतरी पोर म्हणाले, "चाय नको, ताप सांग!" लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

"तेच सांगायला आले. आज ताप माज्याकडे हाय."

त्यांनी तिन्ही कुप्या हलवल्या आणि ओटीच्या कडेला उन्हात ठेवल्या. सगळे वाकून पाहू लागले. पुराच्या पाण्याचा हंडा भरून ठेवून गाळ बसण्याची वाट पाहणारी ती माणसे. त्यांना काही समजावून द्यावे लागले नाही. एक कुपी पांढुरकी राहिली. दोन कुप्यांत गाळ तळाशी बसला.

"ही चांगली," बाई म्हणाल्या. "ही मुद्दाम बिगडवलेली. आनि ही परवाच्या पेटीतली. तुमच्या पोरींना हिच्यासारखी टोचली. मी बर्फात मीठ टाकलं. तळाचं कार्ड बगायचं असतं, ते बगितलं नाय. चूक माजी हाय, गाडीची नाय."

"म्हंजे पोरींना पानी टोचलास?" काशीबायने विचारले.

"पानी नाय. दवाच. पन किती मेला न् किती जिता, ते मला ठाव नाय. पोरींना त्याचा तरास नाय व्हनार. पन जोर कमी पडला असेल तर रोग अडनार नाय."

काशीबायने कुपी उचलून उजेडात धरली. "मासेवाली ना तू! मावरा ताजा ठेवाया गेलीस न् दवा मारलास."

ओटी हसली. या वेळी बाईही थोड्या हसल्या. हसला नाही तो सोमा. त्याची मुलगी अकरांत होती. तो उभा राहिला.

"आमच्याच पोरींवर का शिकता तुमी? मुंबईच्या पोरी संपल्या काय?"

मी उत्तर द्यायला पुढे झालो. चाचणी कुठे कुठे चालू आहे, हे मला सांगायचे होते. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सोमादादा, तुजा राग बरोबर हाय. परत डोस घ्यायचा का, ते समिती बोलली की विचारू. तुला नाय पायजे तर नाय."

"रगत पन नाय."

"रगत पन नाय."

त्यांनी वही काढली आणि त्याच्यासमोर लिहिले. सोमाने वहीत डोकावून पाहिले. त्याला वाचता येत होते. तो परत बसला, उठून गेला नाही.

मग मनी आजीच्या मागून पुढे आली. "बाय, आता सहा झालं?"

"झालं."

मनीने आजीकडे पाहिले. काशीबाय म्हणाली, "मार ना. तीच बोलते."

मनीने मारले. हळू मारले नाही.

त्यानंतर चहा झाला. चहा पिता पिता बाईंनी अकरा घरांचा पत्ता लिहून घेतला: कोणाचा ट्रक कोणत्या भट्टीवर जाणार, मुकादम कोण, जवळचे गाव कोणते. समितीचे उत्तर पंधरवड्यात आले. आईबापांची पुन्हा संमती घ्यावी, आधी रक्त तपासणीसाठी घ्यावे, मग डोस पुन्हा द्यावा. तोवर पाडा रिकामा झाला होता. नव्या परिचारिकेने त्या वहीवरून भट्ट्या शोधल्या आणि दहा मुलींना डोस मिळाला. घबराट झाली नाही. शेजारच्या पाड्यावरच्या दोन घरांनी नाव काढून घेतले, हेही खरे.

तांडेलबाई तेव्हा वॉर्डमध्ये होत्या. प्रकल्पातून काढल्याचा कागद त्यांना मिळाला होता. त्या कागदाबद्दल त्या कोणाशी बोलल्या नाहीत. जवळ्याच्या चटणीचा वास आता वॉर्डच्या जेवणघरात येई.

त्या दहा नमुन्यांचा अहवाल पुढे माझ्याकडे आला. पुन्हा डोस देण्याआधीच्या रक्तात दहाही जणींचे प्रतिपिंड पुरेसे होते. पहिल्या डोसाने पाया घातला होता आणि दुसरा पूर्ण मेलेला नव्हता, असे त्याचे स्पष्टीकरण. प्रकल्पप्रमुख म्हणाले, "बघा. एवढे सगळे उगाच झाले."

मी अहवाल घेऊन वॉर्डमध्ये गेलो. बाई एका म्हातारीची सलाईन बदलत होत्या. मी आकडे वाचून दाखवले. त्यांनी नळीतला थेंब पाहिला, गती ठीक केली.

"बरं झालं."

"म्हणजे त्या दिवशी गेला नसता तरी चालले असते, असे ते म्हणतात."

"त्या दिवशी हे कोनाला ठाव होतं?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पोरींच्या घरी सांगितलं का?"

सांगितले नव्हते. अहवाल फाइलला लागला होता. पुन्हा डोस मिळूनही मनी बिघडलेली लस घेतलेली मुलगी म्हणूनच पाड्यावर राहणार होती आणि कागदावर ती निर्धोक होती.

पावसाच्या आधी, भट्ट्या बंद झाल्यावर, मी गेलो. ते काम माझे नव्हते. ते कोणाचेच नव्हते. काशीबायने ऐकून घेतले, मला ते परत बोलायला लावले, आणि मी बरोबर बोललो की नाही हे मनीला विचारले. मग चहा आणला. मी संकोचलो तर म्हणाली, "घे. आज ताप नाय."

तांडेलबाईंना मी शेवटचे पाहिले ते बऱ्याच वर्षांनी, पाम गावात. एका सेवाभावी मंडळाने मुलींसाठी हीच लस देण्याचे शिबिर भरवले होते. मला वयामुळे खुर्ची दिली होती, कोपऱ्यात. रांगेत बाई होत्या. निवृत्त झालेल्या, केस पांढरे, लुगडे किनाऱ्यावरच्या पद्धतीने नेसलेले. हाताशी आठ-दहा वर्षांची नात. त्यांचा नंबर आला. टेबलामागची परिचारिका तरुण होती, चलाख होती, आणि सकाळपासून उभी होती. तिने कुपी उचलली.

"थांब, बाय," तांडेलबाई म्हणाल्या. "तळाचं कार्ड दाखव."

"आजी, सगळं तपासून आणलंय."

"कोनी तपासलं? तू?"

"सेंटरवरून तपासूनच येतं."

"मी पन तिकडूनच आनायची."

मागचा एक बाप म्हणाला, "ओ मावशी, मला दोनच्या शिफ्टला जायचाय. चला ना पुडं."

"जा ना शिफ्टला. पोरीला ठेवून जा, मी बगते."

परिचारिकेने कपाळाला आठी घातली. "आजी, तुम्हाला काय कळतं यातलं?"

"अकरा पोरींना मी बिगडलेली लस टोचलीय. कार्ड नव्हतं बगितलं. म्हनून कळतं."

आवाज होडीवरचा. सभागृहाच्या शेवटच्या माणसापर्यंत तो गेला. मंडळाचे अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. नातीने आजीकडे पाहिले. तिला हे बहुधा आधीच माहीत होते, कारण तिने मान खाली घातली नाही. कोणी पुढे झाले नाही, रांग हलली नाही. बाईंनी नातीची बाही खाली ओढून धरली होती.

परिचारिकेने एकेक कुपी काढून ट्रेमध्ये ठेवली. तळातून कार्ड काढले आणि टेबलावर टाकले. बाईंनी ते उचलले, हात लांब करून पाहिले. बरोबरची खूण होती. त्यांनी ते परिचारिकेला परत दिले नाही. मागच्या माणसाच्या हातात दिले.

"तू पन बग. तुजी पन पोर हाय."

त्याने पाहिले आणि मागे दिले. कार्ड हातोहात रांगेच्या शेवटापर्यंत गेले. ते परत येईपर्यंत परिचारिका सुई धरून उभी राहिली.

मग बाईंनी स्वतः नातीची बाही वर केली.

"दुखेल," त्या म्हणाल्या. "मोज."